शेऱ्याचा रकाना

गिरडच्या अलीकडे, तुरीच्या वावरांत
आमचं तेहतीस केव्हीचं सबस्टेशन.
रात्रपाळीला मी, एक टेबल, एक वही
आणि दर तासाला लिहायचे आकडे:
व्होल्टेज, अँपिअर, तेलाचं तापमान.
शेवटचा रकाना शेऱ्याचा.
तो बहुधा रिकामाच.

ट्रान्सफॉर्मर रात्रभर घुमतो एकाच सुरात.
बारा वर्षांत तो मला ऐकू येईनासा झाला होता.
मग सुगतनं, माझ्या भाच्यानं, नागपूरहून
एक श्राव्यमालिका पाठवली.
"मामा, तुले रात्री कामी येईन. अंतराळातली हाय."
पहिल्याच भागात यान सुरू झालं,
तर हुबेहूब हाच आवाज!
मी कानातलं काढून यार्डाकडे पाहिलं,
पुन्हा घातलं,
पुन्हा काढलं.
कोणता आतला, कोणता बाहेरचा, समजेना.

सातव्या भागात 'ओंजळ' यानावरची वीज संपत येते.
यानाच्या यंत्राला थोडं थोडं विसरावं लागतं.
आधी ते नकाशे विसरतं, मग रोपांची नावं,
मग मागे राहिलेल्या माणसांचे आवाज.
पुसण्याआधी प्रत्येक आवाज एकदा वाजवतं
आणि एकट्या उरलेल्या म्हाताऱ्या बाईला विचारतं,
"हा ठेवू?"
कोणाचा तरी बाप हसतो. "नको."
कोणी बाजारात भाव करतं. "नको."
एक पोरगी एकोणतीसचा पाढा म्हणते,
सातवर अडते, पुन्हा पहिल्यापासून.
बाई बोलत नाही.
यंत्र पुन्हा विचारतं.
मग अकरा सेकंद काहीच नाही.

मला वाटलं, बॅटरी गेली.
ट्रान्सफॉर्मर तेवढा घुमत होता
आणि दूर नाल्यापल्याड कोणीतरी
डबा बडवून रोही हाकलत होतं.

आठवा भाग उतरवायला गेलो
तर मोबाइल म्हणे जागा नाही, काहीतरी पुसा.
लग्नांचे व्हिडिओ पुसले,
शुभ सकाळचे गुलाब पुसले,
जळलेल्या डीप्यांचे साहेबांना पाठवलेले फोटो.
तरी कमीच.
'सगळे निवडा'वर बोट नेलं, तर खाली,
खूप खाली,
ताईची चौदा सेकंदं.

रत्नमालाताई. सुगतची माय.
सावंगीच्या दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशीची.
"येतानी वालाच्या शेंगा आणजो.
अन् स्वेटर घालजो, मोठा आला ड्युटीवाला.
आयकलं काय?
...हे बंद कसं करतेत बाप्पा..."

तिला किती जागा लागत असेल?
तिळाएवढीही नाही.
ती पुसून भाग उतरला नसताच, हे मला कळतं.
तरी बोट थरथरलं ते थरथरलंच.
आठवा भाग मी उतरवला नाही.
त्या पोरीचा पाढा पुढे सरकला की नाही
मला ठाऊक नाही.

तीन वाजता ताईची चौदा सेकंदं
मी सुगतला धाडली.
का धाडली, ते विचारू नका.
त्या दिवशीच्या शेंगा मी विसरलो होतो,
हेही सोबत लिहिणार होतो, नाही लिहिलं.
दोन खुणा आल्या. निळ्या झाल्या.
वर 'टायपिंग' उगवलं,
मावळलं,
उगवलं.
'ओंजळ'वरून पृथ्वीला निरोप पोचायला
नऊ वर्षं लागतात,
असं पहिल्याच भागात सांगितलं होतं.
नागपूर इथून सत्तर किलोमीटर.

मी वही ओढली.
लोड बेचाळीस. तेल अठ्ठेचाळीस.
शेऱ्यात लिहिलं:
आवाज येत आहे.

सकाळी पाळी बदलताना थूलभाऊंनी चष्मा वर केला.
"आवाज? कायचा आवाज?"
म्हटलं, ट्रान्सफॉर्मरचा.
"तो तं रोजच येते."
हो, म्हटलं.
आणि स्वेटरची चेन गळ्यापर्यंत ओढून
गाडीला किक मारली.